लिली चार दिवस टिकते, तेवढ्यात फोटो जमवायचा

चांगला उजेड पहाटेचाच, हे इतक्या जणांकडून ऐकलं होतं की पाण्यातल्या लिलीचे फोटो काढायला पहिल्यांदा निघाले ती पहाटे साडेपाचला. कळंब्याच्या पुढं एका गावतळ्यावर. उजेड खरंच सुंदर होता. फुलं मात्र सगळी मिटलेली, मुठी आवळून बसल्यासारखी. म्हशी धुवायला आलेला एक जण थोडा वेळ माझी धडपड बघत राहिला आणि म्हणाला, "ऊन अंगावर आल्याबिगर उघडत न्हाईत ती. नऊ-साडेनऊला या."

मी तिथंच थांबले. फुलं उघडली तोवर ऊन चढलं होतं, पाणी डोळे दिपवत होतं. घरी येऊन बघते तर पन्नास-साठ फोटोंत पाकळ्यांच्या जागी नुसते पांढरे डाग. त्या एका सकाळी मी केलेल्या चुका बहुतेक नवखे करतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. हातात कॅमेरा असो नाहीतर फोन, रीत तीच आहे.

आधी फूल ओळखा

कोल्हापुरात पाण्यातल्या कुठल्याही फुलाला आपण कमळच म्हणतो. देवीला वाहताना चालतं, फोटो काढताना फरक कळायला हवा. कमळाचं पान पूर्ण गोल असतं, देठावर उचलून पाण्याच्या वर येतं आणि त्यावर थेंब पाऱ्यासारखा पळतो. फुलाच्या मधोमध झारीच्या तोंडासारखा बीजकोश दिसतो. लिलीचं पान पाण्यावर पसरून राहतं आणि त्याला कडेपासून देठापर्यंत एक काप असतो. फिक्या जांभळ्या फुलांचा उभा तुरा दिसला तर ती जलपर्णी. तिचाही फोटो सुंदर येतो. तक्रार असलीच तर पंचगंगा नदीची असेल.

लिलीतही दोन जाती लक्षात ठेवा. जुन्या भाषेत सूर्यविकासी आणि चंद्रविकासी. दिवसाची लिली ऊन आल्यावर साधारण नऊ-दहाला उघडते आणि दुपार कलली की मिटायला लागते. रात्रीची तिन्हीसांजेनंतर उघडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं तापेपर्यंत उघडी राहते. म्हणजे पहाटेचा मऊ उजेड आणि उघडं फूल, दोन्ही हवं असेल तर रात्रीची लिली शोधायची. दिवसाच्या लिलीला पहाटे उठून काही उपयोग नाही, तिच्यासाठी ढगाळ दिवस बघायचा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर ढगांना तोटा नाही.

तळ्यावर शिकू नका, टबात शिका

हे माझं ठाम मत आहे. रंकाळा, राजाराम तलाव, कळंबा, कोटितीर्थ, आपलं गाव तळ्यांचं आहे हे खरं. पण तळ्यात लिली यंदा जिथं आहे तिथंच पुढच्या वर्षी असेल याचा भरवसा नाही. गाळ काढला, जलपर्णी पसरली, पाणी वाढलं की सगळं बदलतं. शिवाय फूल वीस फूट आत असतं, कोन आपल्या हातात नसतो आणि घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर "अजून एकच पाऊल" म्हणताना पाय सटकतो. टबातलं फूल दाराशी असतं आणि तेच फूल दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळतं. या लेखातली सगळी गंमत त्या दुसऱ्या दिवसात आहे.

दोन-अडीच फूट रुंदीचा टब पुरतो. रंग काळाच घ्या. निळ्या प्लास्टिकचा अर्धा कापलेला ड्रम स्वस्तात मिळतो, पण त्यातलं पाणी फोटोत पोहण्याच्या तलावासारखं निळं दिसतं आणि ते कशानंही जात नाही. नर्सरीत विचारायचा पहिला प्रश्न: दिवसाची की रात्रीची? कुंडीत चिकट माती, शेणखत नको, वर वाळूचा थर, म्हणजे पाणी गढूळ होत नाही. पाच-सहा तास ऊन लागेल अशी जागा. गप्पी मासे सोडा, नाहीतर डास होतील आणि डेंग्यूच्या तपासणीला येणारी माणसं टब उपडा करायला लावतील. त्यांचं बरोबरच आहे.

टब ठेवताना एक गोष्ट आत्ताच ठरवा. तुम्ही जिथं बसून फोटो काढणार, त्याच्या समोरच्या बाजूला काहीतरी गडद असू दे. काळ्या दगडाची भिंत, दाट झाड, जिन्याखालचा अंधार, काहीही. कारण पुढं येतंच.

पहिला दिवस

कळी पाण्याबाहेर आली की रोज नजर ठेवा. फूल साधारण तीन ते चार दिवस उघडझाप करतं आणि मग पाण्याखाली जातं. पहिल्या दिवशीचं फूल वेगळं असतं. मधल्या पिवळ्या केसरांचं कडं उघडं असतं आणि त्याच्या तळाशी चकाकणाऱ्या द्रवाचं इवलंसं डबकं दिसतं. ती फुलाची मादी अवस्था. दुसऱ्या दिवसापासून केसर आत वळायला लागतात, डबकं दिसेनासं होतं आणि पराग सुटतो. डबक्याचा फोटो हवा असेल तर तो आजच.

आता कॅमेरा बाजूला ठेवा आणि पाटावर बसा. उभं राहून खाली बघितलं तर फुलाभोवती चिखल, देठं, शेवाळ दिसतं. जसजसं खाली याल तसं पाणी आतलं दाखवायचं थांबतं आणि बाहेरचं दाखवायला लागतं. आकाश, भिंत, वाळत घातलेले कपडे. लिलीच्या फोटोत निम्म्याहून जास्त जागा पाण्याची असते, आणि पाणी म्हणजे त्यात जे पडलंय ते. ढगाळ दिवशी पाकळ्यांवर उजेड छान मऊ असतो, पण पाण्यात पांढरं आकाश उतरतं आणि सगळं चित्र पिठूळ होतं. समोर गडद भिंत असेल तर पाणी काळसर होतं आणि फूल उठून येतं.

भिंत नसेल तर पावसाळ्यातली काळी छत्री उघडून टबाच्या पलीकडं तिरकी टेकवा. तिचं प्रतिबिंब फुलामागं येईपर्यंत सरकवत राहा. मी महागडे पडदे वगैरे करून बघितले आहेत, छत्रीसारखं काही नाही. ऊन कडक असेल तर दुसऱ्या कुणाला फुलावर पांढरा पंचा धरायला सांगा.

पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावून फिरवायचा फिल्टर, ज्याला सगळे सीपीएल म्हणतात, तो असेल तर लावा. नसेल तर आज घ्यायला धावू नका. तो पाण्यावरची आणि पानांवरची चमक कापतो, पण सगळ्या कोनांतून सारखी नाही. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून बघताना तो सगळ्यात जास्त काम करतो, सरळ वरून बघताना जवळजवळ नाहीच. फिरवत फिरवत बघायचं आणि चमक पूर्ण जायच्या आधी थांबायचं. का, ते माझ्या आईनं मला शिकवलं, खाली सांगते.

एक्स्पोजरचं गणित असं. फ्रेममध्ये काळं पाणी जास्त असतं, कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो सगळं उजळतो आणि पाकळ्या जळतात, म्हणजे नुसत्या पांढऱ्या होतात. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची सेटिंग) उणे ०.७ ते उणे १ वर ठेवून सुरुवात करा. फोनवर पाकळीवर बोट ठेवून फोकस लॉक करा आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढा. गुलाबी आणि लाल लिलीत आणखी एक फसवणूक असते. साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, ठीक दिसतो, पण लाल चॅनल, म्हणजे एकट्या लाल रंगाचा आलेख, उजव्या भिंतीला धडकलेला असतो आणि पाकळ्यांवरच्या शिरा सपाट रंगात बुडून जातात. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढत असाल तर नंतर थोडं वाचवता येतं, थोडंच.

बाकी सेटिंग्ज पटकन. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८ च्या आसपास, म्हणजे जवळची पाकळी आणि केसर दोन्ही स्पष्ट येतात. शटर १/२५० सेकंद किंवा जलद, कारण पाणी हलतंच. आयएसओ ४०० पर्यंत बिनधास्त. फोकस केसरांवर. प्रतिबिंबही टोकदार हवं असेल तर अॅपर्चर अजून बंद करावं लागतं, कारण लेन्सच्या हिशेबी प्रतिबिंब पाण्याच्या पातळीवर नसतं, फुलापेक्षाही थोडं लांब असतं. फोनचा पोर्ट्रेट मोड मात्र बंद ठेवा. तो पाकळ्यांची टोकं पार्श्वभूमी समजून पुसतो.

पहिल्या संध्याकाळी

साठ फोटोंतून तीन निवडा. तीनच. मग दाखवायला न्या.

इथं बहुतेक जण चुकतात. ग्रुपवर टाकतात, दहा अंगठे येतात, एक "लई भारी", एक "नादखुळा", आणि गाडी तिथंच थांबते. कौतुक कुणाला नको असतं? पण त्यातून उद्या काय बदलायचं ते कळत नाही. शिवाय व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मी सांगेन की फोन थेट हातात द्या, किंवा स्टुडिओतून चार बाय सहाची प्रिंट काढा. प्रिंट स्क्रीनपेक्षा काळपट येते, तेव्हा एडिट करताना स्क्रीनचा उजेड निम्म्यावर ठेवा.

फोटो हातात दिल्यावर गप्प बसा. "हे मी छत्री लावून काढलंय" वगैरे काही सांगायचं नाही. समोरच्याचं बोट कुठं जातं ते बघा. माणूस झूम करतो ती जागा त्याला काहीतरी सांगते आहे, चांगलं किंवा वाईट. मग दोनच प्रश्न विचारा. आधी कुठं बघितलंस? यातलं काय काढून टाकलं तर चालेल? "कसा आहे?" असं विचारलंत तर उत्तर "छान" हेच येणार, कारण आपली माणसं भिडस्त असतात.

कुणाला विचारायचं याचाही क्रम आहे. आधी घरातल्या, फोटोशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाला. मग चित्र काढणाऱ्याला. आपलं गाव चित्रकारांचं आहे, प्रत्येक पेठेत ड्रॉइंग शिकवणारं कुणीतरी सापडतंच. आबालाल रहिमान यांनी याच रंकाळ्याची आणि कोटितीर्थाची पाणी रंगवली. पाण्याकडं कसं बघायचं हे इथल्या चित्रकाराला विचारायचं नाही तर कुणाला? फोटोग्राफर मित्र सगळ्यात शेवटी. ते लेन्सबद्दल बोलतात.

दुसरा दिवस, आणि एका फोटोची बदलती रूपं

माझ्या एका गुलाबी लिलीचं सांगते. पहिल्या संध्याकाळी मला तो फोटो पूर्ण झाल्यासारखा वाटत होता. काळं पाणी, उजळ फूल, शेजारी दोन पानं. घरी आईला दिला. तिनं बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "फूल छान आहे गं, पण पाणी कुठं गेलं?" मी छत्रीनं पाणी काळं केलं होतं, पोलरायझरनं उरलेली चमक काढली होती आणि वर एडिटमध्ये ब्लॅक्स, म्हणजे गडद भाग, खाली ओढले होते. फूल काळ्या कागदावर ठेवल्यासारखं दिसत होतं. मला पाणी दिसत होतं, कारण मी त्याच्याशेजारी तीन तास बसले होते. तिला फक्त फोटो दिसत होता.

सात वर्षांच्या भाचीनं एका कोपऱ्यात बोट ठेवलं. "मावशी, हे काय हाय?" पाण्याखाली नर्सरीच्या लेबलचा पांढरा कोपरा. शपथेवर सांगते, तो मी एकदाही बघितला नव्हता.

तिसरे आमच्या गल्लीतले एक जुने ड्रॉइंग मास्तर. त्यांनी प्रिंटच्या उजव्या खालच्या भागावर अंगठा ठेवला आणि विचारलं, "हे झाकलं तर काय बिघडलं?" काहीच नाही. तिथं अर्धं कापलेलं एक पान होतं, फुलापेक्षा जास्त चमकणारं. मी कापते म्हणाले तर तेच म्हणाले की सगळं कापू नकोस, फुलाचं तोंड ज्या बाजूला आहे तिकडं मोकळं राहू दे, ते कुठंतरी बघतंय.

फोटोग्राफर मित्रानं लेन्स विचारली, आणि मग बरोबर सांगितलं की पाकळ्यांवरचा पोत गेलाय. लाल चॅनल.

दुसऱ्या दिवशी तेच फूल दहाला उघडलं. लेबल काढलं. छत्री थोडी खाली सरकवली, म्हणजे फुलामागं काळं आणि समोर आकाशाची बोटभर पट्टी राहिली; एवढ्या पट्टीनं पाणी परत आलं. पोलरायझर अर्धाच फिरवला. ते पान ओल्या काठीनं हळूच बाजूला केलं. (रानातल्या तळ्यात असं करू नका, तिथं आपण जागा बदलायची.) एक्स्पोजर आणखी थोडं खाली. त्यानंतर घरात बसून आणखी दोन रूपं झाली, पण फोटो सुधारला तो टबापाशी.

प्रतिक्रिया मिळते ती लक्षणाच्या भाषेत, आणि औषध आपल्याला शोधावं लागतं, हे तेव्हा कळलं. लोक म्हणतात, "जरा डल वाटतोय." नवखा लगेच सॅच्युरेशन वाढवतो आणि गुलाबी फूल रंगपंचमीचं होतं. खरं कारण बहुधा राखाडी पाणी असतं. कोन बदला, फुलाचा रंग तोच राहून जिवंत वाटेल. कुणी "गिचमिड" म्हणालं तर पानं मोजा आणि त्यांची चमक फुलाशी ताडून बघा. पानं फुलापेक्षा उजळ असतील तर नजर तिकडंच पळणार. "चिकटवल्यासारखं वाटतंय" म्हणजे पोर्ट्रेट मोड, नाहीतर कडांवर ओढलेला शार्पनेस, नाहीतर माझ्यासारखं सगळं पाणी पुसून टाकणं. "काहीतरी बोचतंय, पण सांगता येईना," असं कुणी म्हणालं की फोटोचे चार कोपरे एकेक करून बघा. दहापैकी आठ वेळा तिथंच काहीतरी अर्धवट कापलेलं असतं. आणि "फूल लहान दिसतंय" याचा अर्थ जवळ जा असाच असतो असं नाही. कधी भोवतीचं एक मोठं पान काढलं की फूल आपोआप मोठं होतं.

सगळ्यांचं सगळं ऐकायचं नाही. वहीत लिहून ठेवा: कुणी काय म्हटलं, कुठं बोट ठेवलं. दोन-तीन जणांनी एकमेकांना न विचारता तीच जागा दाखवली तर तिथं गडबड आहे, मग त्यांनी सुचवलेला उपाय कितीही चुकीचा असो. एकट्याच माणसाला खटकलं असेल तर थांबा. माझ्या फोटोत फुलाखाली एक गप्पी मासा धूसर दिसत होता, तो काढ असं एकानं सांगितलं. मी ठेवला.

तिसरा दिवस, थोडं एडिटिंग

तिसऱ्या दिवशी फूल सगळ्यात मोकळं असतं आणि मधमाश्या येतात. आज केसरांजवळ जा. मधमाशी हवी असेल तर फोकस केसरांवर लावून ठेवा आणि शटर १/१००० पर्यंत न्या. तिच्या मागं कॅमेरा फिरवत बसाल तर काहीच मिळणार नाही.

एडिटिंगसाठी स्नॅपसीड किंवा लाइटरूम, जे हाताशी असेल ते. आधी क्रॉप. मग हायलाइट्स, म्हणजे उजळ भाग, खाली, पाकळ्यांच्या शिरा दिसेपर्यंत. मग पाण्यावरचे धूळकण, तरंगणारे तुकडे हीलिंगनं (डाग पुसायच्या टूलनं) काढा. पाण्यावरचा थेंब किंवा किडा काढायच्या आधी दोनदा विचार करा. हिरवा रंग थोडा उतरवा, विशेषतः फोनच्या फोटोंत, कारण फोन पानं भडक करतो. सावलीतल्या पांढऱ्या लिलीवर निळी झाक येते. व्हाइट बॅलन्स किंचित उबदार करा, पण पाकळी सायीसारखी पिवळी होईल इतका नको. मग फोटो बंद करा, चहा घ्या, परत येऊन आरशात बघितल्यासारखा उलटा करून बघा. उलट्या फोटोत तोल गेलेला लगेच कळतो. ही युक्ती मास्तरांची.

दुसरी फेरी आज संध्याकाळी, शक्यतो त्याच माणसांकडं. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवा आणि कुठला नवा ते सांगू नका. माझ्या आईनं दुसऱ्या खेपेला जुनाच उचलला होता. कारण विचारलं तर म्हणाली की यात फुलाच्या पोटातलं ते पाणी दिसतंय, दुसऱ्यात नाही. पहिल्या दिवसाचं डबकं. ते मला दुसऱ्या दिवशी मिळणारच नव्हतं. तेव्हापासून पहिल्या दिवशी डबक्याचे फोटो वेगळे, निवांत काढते.

चौथा दिवस

फूल थकल्यासारखं अर्धंच उघडतं, किंवा उघडतच नाही. देठ वाकतो, एक पाकळी पाण्याला टेकते. बरेच जण इथं कॅमेरा आवरतात. मला स्वतःला हे फोटो आवडतात, आता पोलरायझर पूर्ण फिरवा आणि वरून, पाण्याच्या आत उतरणारं फूल टिपा. वरून बघताना चमक फारशी जाणार नाही, थोडं तिरकं व्हा.

तळ्यावर जायचं ते यानंतर. पहिली फेरी कॅमेरा न घेता मारा. फुलं कुठं आहेत, नऊ वाजता ऊन कुठून येतं, समोरच्या काठावर गडद झाडी कुठं आहे एवढंच बघा. दोनशे ते तीनशे मिलिमीटरची लेन्स लागेल. फोन असेल तर काठाजवळच्या फुलावर समाधान माना. पंचगंगेचं पाणी वाढलेलं असेल, राजाराम बंधाऱ्याची पातळी बातम्यांत ऐकू यायला लागली असेल, तेव्हा नदीकाठचा विचारही नको. रात्रीची लिली कुणाच्या बागेत असेल तर कोजागरीच्या रात्री ट्रायपॉड घेऊन जा, आणि त्या घरच्यांना आधी सांगून जा.

टब मात्र रिकामा करू नका. पानं बाजूला करून खाली बघितलंत तर बहुतेक दुसरी कळी वर यायला निघालेली असते. छत्री तिथंच राहू दे.